सर्वोत्तम मधमाशी, पण कोणत्या गावची?

१/
इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, डेव्हन परगण्यात, बकफास्ट नावाचा बेनेडिक्टाइन मठ आहे. १९१५-१६च्या हिवाळ्यात या मठाच्या आवारातील मधपेट्या एकामागून एक ओस पडत गेल्या. वसंत उजाडला तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश वसाहती नष्ट झाल्या होत्या. उरल्या होत्या अवघ्या १६. देशी काळ्या मधमाश्यांची एकही वसाहत वाचली नव्हती. जी वाचली, तिच्यात इटालियन मधमाशीचे रक्त होते.

२/
मठाच्या मधुबनात तेव्हा १७ वर्षांचा एक जर्मन मुलगा मदतनीस होता. त्याचे जन्मनाव कार्ल केर्ले. जग त्याला पुढे ब्रदर ॲडम म्हणून ओळखू लागले. त्या हिवाळ्याने त्याला एक निष्कर्ष दिला: देशी माशी संपली, आता नवी माशी घडवायला हवी. उरलेले दीर्घ आयुष्य त्याने याच कामाला वाहिले. हा थ्रेड त्या निष्कर्षाचा इतिहास सांगतो, आणि त्यात सुटून गेलेल्या एका प्रश्नाचाही. ‘उत्तम माशी कोणती?’ असे विचारताना ‘कुठे?’ हा शब्द गाळला, तर काय होते?

३/
आधी एक मूलभूत अडचण समजून घेऊ. गाय, घोडा, कोंबडी यांची पैदास माणसाने हजारो वर्षे आपल्या मर्जीनुसार केली. वळू कोणता आणि गाय कोणती, हे मालक ठरवतो. मधमाशीही हजारो वर्षे माणसाजवळ आहे; इजिप्तमधील पाचव्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, शिल्पपटावर मध काढण्याची दृश्ये कोरलेली आहेत. तरीही ती गायीसारखी पाळीव कधीच झाली नाही. पेटी माणसाची असते. विवाह मात्र माशी स्वतःच्या इच्छेने, आणि तोही आकाशात, लावते.

४/
ही गोष्ट युरोपीय विद्वानांना कळायलाही अठरावे शतक उजाडावे लागले. आजच्या स्लोव्हेनियातील आंटोन यान्शा हा शेतकरी कुटुंबातला चित्रकार. सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या काळात, १७७०मध्ये, व्हिएन्ना येथे मधमाशीपालनाचा शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. राणीमाशीचे मीलन पोळ्यात होत नसून बाहेर, उड्डाणात होते, हे त्याने नोंदवून ठेवले. आज आपण जाणतो की तरुण राणी आयुष्याच्या आरंभी काही उड्डाणांत साधारण १० ते २० नरांशी मीलन करते, त्यांचे शुक्राणू आपल्या शुक्राणुकोषात साठवते आणि पुढे जन्मभर त्यावरच अंडी फलित करते.

५/
याचा अर्थ असा की एका पोळ्यातील हजारो कामकरी माश्यांची आई एक असली, तरी पिते अनेक असतात. ते पिते कोणत्या पेटीतून, कोणत्या रानातून आले, हे मधपाळाला ठाऊक नसते. त्यात भर म्हणजे नर माशीला बापच नसतो. फलित न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, हे सिद्धान्तरूपाने योहान झेर्झोन या सायलेशियातील धर्मगुरूने १८४५मध्ये मांडले. पिवळसर इटालियन राणीचे मीलन काळ्या नरांशी झाले, तरी तिची नर-संतती निव्वळ इटालियनच निघते, या निरीक्षणाने त्याच्या मताला बळकटी मिळाली.

६/
आनुवंशिकतेचा जनक ग्रेगोर मेंडेल हाही मठवासी होता आणि हौशी मधपाळही. वाटाण्यावरील प्रयोगांनंतर त्याने मधमाश्यांचे निरनिराळे वाण जमवून त्यांचे संकर करण्याचा प्रयत्न केला. बंदिस्त जागेत राणी आणि नर यांचे मीलन घडवण्याचा त्याचा बेत फसला; राणी पिंजऱ्यात विवाह करीत नाही. वाटाण्याच्या फुलाला चिमट्याने परागकण लावता येतात, तसे येथे जमले नाही. पाळीव प्राण्यांत एवढी विविधता निर्माण झाली, पण मधमाशीत फारशी नाही. याचे कारण डार्विननेही मीलनावर ताबा नसण्यातच शोधले होते.

७/
तरीही निवड होत होती. फक्त ती करणाऱ्याला ठाऊक नव्हती. उत्तर युरोपात गवताच्या विणलेल्या टोपलीवजा पोळ्यांत माश्या पाळत. मध काढायचा म्हणजे गंधकाच्या धुराने वसाहत मारायची. शरद ऋतूत सर्वांत जड टोपल्या मधासाठी मारल्या जात आणि सर्वांत हलक्या टोपल्या हिवाळा काढणार नाहीत म्हणून मारल्या जात. राखली जात ती मधली. जास्त मध साठवणारा वंश दरवर्षी कापला जात होता. लवकर आणि वारंवार थवे सोडणारा वंश मात्र टिकत होता, कारण पुढच्या वर्षीच्या टोपल्या थव्यांतूनच भरायच्या असत.

८/
१८५१मध्ये अमेरिकेत लोरेन्झो लँगस्ट्रॉथ याने हलवता येणाऱ्या चौकटींची पेटी तयार केली. चौकटीभोवती ठरावीक फट ठेवली, की माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, हे त्याचे मर्म. आता पेटी न मारता मध काढता येऊ लागला, राणी शोधता येऊ लागली, बदलताही येऊ लागली. त्यातच आगगाडी आणि आगबोट आली. १८५९च्या सुमारास इटालियन राण्या इंग्लंड आणि अमेरिकेत पोहोचल्या. शांत, पिवळ्या, देखण्या, भराभर वाढणाऱ्या या माशीची जाहिरात झाली आणि राणीमाशी ही डाकेने पाठवण्याची वस्तू बनली.

९/
या व्यापाराचा एक अवशेष आजही पाहायला मिळतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावर १८८०च्या दशकात इटलीच्या लिगुरिया भागातील माश्या नेण्यात आल्या आणि १८८५च्या कायद्याने त्या बेटावर इतर माश्या आणण्यास बंदी घातली गेली. विवाह आकाशात होत असेल, तर वंश शुद्ध राखण्याचा एकच भरवशाचा उपाय उरतो: भोवती समुद्र हवा. बेट हा शब्द लक्षात ठेवा. तो या कथेत पुन्हा येणार आहे.

१०/
कारण संकटही बेटावरूनच आले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील आइल ऑफ वाइट या बेटावर १९०४ ते १९०६च्या दरम्यान मधपाळांना विचित्र दृश्य दिसू लागले. माश्यांना उडता येईना. त्या पेटीसमोर गवतावर सरपटत, एकमेकींना बिलगून पुंजके करीत आणि मरत. काही वर्षांत ही साथ मुख्य भूमीवर पसरली. ‘आइल ऑफ वाइट रोग’ या नावाने तिची दहशत एवढी बसली, की पुढील दशकात वसाहत कशानेही मेली तरी दोष याच रोगाला दिला जाऊ लागला.

११/
१९१९मध्ये ॲबर्डीन येथे जॉन रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माशीच्या श्वासनलिकेत राहणारा एक अतिसूक्ष्म माइट सापडला. त्याचे आजचे नाव अकॅरॅपिस वुडी. गुन्हेगार मिळाला, असे सर्वांना वाटले. महायुद्ध संपले होते, रिकाम्या पेट्या भरायच्या होत्या. सरकारी योजनेतून परदेशी वसाहती आणण्यात आल्या. त्यांत नेदरलँड्सच्या माश्याही होत्या. गंमत अशी, की ही डच माशी ब्रिटिश माशीप्रमाणेच काळ्या युरोपीय उपजातीची होती. मात्र ‘देशी माशी नामशेष झाली’ हे वाक्य तोवर पाठ्यपुस्तकी सत्य बनले होते.

१२/
ब्रदर ॲडम यांच्या हाती मधुबनाची सूत्रे १९१९मध्ये आली. त्यांची भूमिका त्यांच्या काळाला धरूनच होती. प्रत्येक उपजातीत काही गुण आहेत, काही दोष आहेत. निसर्ग केवळ जगण्यापुरती निवड करतो, माणसाने पुढे जाऊन त्या गुणांचा मेळ घालावा. रोगप्रतिकार, राणीची भरपूर अंडी घालण्याची क्षमता, मध गोळा करण्याची चिकाटी आणि थवे सोडण्याची नावड, ही त्यांची कसोटी. शांत स्वभाव हवाच, कारण शेकडो पेट्या हाताळायच्या होत्या.

१३/
प्रश्न तोच जुना: राणीचा विवाह कोणाशी लावायचा? समुद्र जवळ नव्हता, तर त्यांनी जमिनीवर बेट शोधले. १९२५मध्ये डार्टमूरच्या उजाड माळरानात शेर्बर्टन येथे त्यांनी मीलनकेंद्र उभारले. तेथे झाडे नव्हती, म्हणून ढोली नव्हत्या. ढोली नव्हत्या, म्हणून रानटी वसाहती नव्हत्या. म्हणून परके नरही नव्हते. निवडलेल्या वंशाच्या नरांच्या पेट्या आणि कुमारी राण्यांच्या छोट्या पेट्या तेवढ्या तेथे ठेवायच्या. जे मेंडेलला पिंजऱ्यात साधले नाही, ते ॲडम यांनी ओसाडपणाच्या आधाराने साधले.

१४/
१९५०पासून त्यांनी प्रवास आरंभले. आल्प्स, बाल्कन, ग्रीस, तुर्कस्तान, पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका. प्रत्येक ठिकाणच्या माश्या पाहायच्या, निवडक राण्या मठात पाठवायच्या, संकर करायचे, वर्षानुवर्षे पारख करायची, बहुतेक टाकून द्यायचे, थोडे राखायचे. वयाच्या नव्वदीला टेकले असताना ते आफ्रिकेत, किलिमांजारोच्या उतारावरच्या पहाडी माशीच्या शोधात गेले. १९९६मध्ये, ९८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘बकफास्ट’ माशी आज जगभर पाळली जाते. एका माणसाने एका आयुष्यात केलेल्या पैदासकार्याची अशी उदाहरणे विरळाच.

१५/
हे यश खरे आहे. ते नाकारून इतिहास लिहिता येणार नाही. पण त्याच्या अटी पाहा. बकफास्ट हा अनेक वंशांचा मेळ आहे. तो टिकवायचा तर प्रत्येक पिढीत राणी निवडावी लागते आणि मीलनावर पहारा ठेवावा लागतो. साध्या मधपाळाने विकत आणलेल्या राणीची मुलगी गावच्या आकाशात उडाली, की तिच्या पोटी कोणती संतती येईल हे सांगता येत नाही. पुष्कळदा शांत संकराची पुढची पिढी चिडखोर निघते. मग पुन्हा राणी विकत आणा. शिवाय आपल्या पेटीतील परके नर शेजाऱ्याच्या राण्यांशीही मीलन करतात, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

१६/
आता त्या मूळ निष्कर्षाकडे वळू. देशी माशी खरोखर नामशेष झाली होती का? १९६०च्या दशकात रोथॅमस्टेड येथील शास्त्रज्ञ लेस्ली बेली यांनी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या. श्वासनलिकेतील माइट असलेल्या वसाहती सरसकट मरत नाहीत, हे दिसून आले होते. सरपटणाऱ्या माश्यांची वर्णने पक्षाघातासारखा आजार देणाऱ्या एका विषाणूशी अधिक जुळत होती. खराब हवामान आणि उपलब्ध फुलांच्या मानाने पेट्यांची दाटी, यांचाही वाटा होता. बेली यांच्या मते एकाच रोगाने देशी माशी पुसून टाकली, ही दंतकथा होती.

१७/
त्याच सुमारास, १९६४मध्ये, बिओवुल्फ कूपर यांनी देशी माशीचा शोध घेणारी आणि ती जोपासणारी एक संघटना इंग्लंडमध्ये उभी केली. या शोधाचे साधन होते माशीचा पंख. पंखावरील शिरांच्या कोनांची व लांबीची गुणोत्तरे मोजून उपजात ओळखता येते. पुढे फ्रीडरिश रुटनर यांनी एरिक मिलनर आणि जॉन ड्यूज यांच्यासह १९९०मध्ये काळ्या युरोपीय माशीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. यॉर्क येथील व्हायकिंगकालीन उत्खननात सापडलेल्या माश्यांचे अवशेषही या अभ्यासात उपयोगी पडले. आपल्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे विशेष वाटावे: हजार वर्षांपूर्वीचा पंखही येथे दस्तऐवज ठरतो.

१८/
नंतर डीएनए आला आणि शंकेला जागा उरली नाही. ब्रिटनमध्ये काळ्या माशीचे वंश ठिकठिकाणी, कमीअधिक मिसळलेल्या रूपात, टिकून होते. आयर्लंडमध्ये तर २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या माश्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध काळ्या उपजातीच्या आढळल्या. जिचे मृत्युपत्र लिहून शंभर वर्षे झाली होती, ती माशी त्याच बेटांवर फुलांवर बसत होती. तिला मेलेली मानल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

१९/
‘बरे, पण ती उरली काय आणि न उरली काय, मध तर मिळतोच ना?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मिळते. बोर्दोच्या दक्षिणेस लांद नावाचा प्रदेश आहे: वाळूची जमीन, पाइनची वने आणि हीदरची झुडपे. हीदर फुलते ऑगस्ट-सप्टेंबरात. तेथील काळ्या माश्यांची अंडी-पिल्लांची संख्या उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा वाढते, म्हणजे हीदरच्या बहराला मनुष्यबळ, नव्हे, ‘माशीबळ’ तयार असते. पॅरिस परिसरातील त्याच उपजातीच्या माश्यांची वाढ मात्र वसंताच्या अखेरीस शिगेला पोहोचते आणि नंतर उतरते.

२०/
१९६०च्या दशकात झां लुव्हो या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक सरळ प्रयोग केला. लांदच्या वसाहती पॅरिसकडे नेल्या आणि पॅरिसच्या लांदमध्ये आणल्या. हवामान बदलले, फुले बदलली, पण दोघींनी आपापले जुने वेळापत्रक सोडले नाही. लांदची माशी पॅरिसमध्येही हीदरच्या हंगामाची तयारी करीत राहिली, जी फुले तेथे नव्हतीच. म्हणजे हे वेळापत्रक केवळ परिस्थितीला दिलेला प्रतिसाद नव्हते. ते रक्तात उतरले होते. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही लांदमध्ये हा वंश आणि त्याचे वेळापत्रक टिकून असल्याचे दाखवले.

२१/
येथे ‘स्थानिक अनुकूलन’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. दिसायला सारखी, नावाने एकच असलेली उपजात; तरी एका खोऱ्यातील माशीला ठाऊक असते ते दुसऱ्या खोऱ्यातील माशीला नसते. कोणत्या महिन्यात वाढायचे, कधी अंडी घालणे थांबवायचे, किती साठा राखून हिवाळ्यात शिरायचे, ढगाळ थंड दिवशी बाहेर पडायचे की नाही. हे ज्ञान कोणी शिकवलेले नसते. चुकीचा निर्णय घेणाऱ्या वसाहती मेल्या, बरोबर घेणाऱ्या उरल्या. शेकडो पिढ्यांच्या मरणातून ही दैनंदिनी लिहिली गेली आहे.

२२/
याची मोठी चाचणी युरोपात २००९ ते २०१२ या काळात झाली. ११ देशांतील मधुबनांत, १६ निरनिराळ्या वंशांच्या ५९७ वसाहती, व्हरोआ या माइटवर कोणतेही औषध न देता ठेवण्यात आल्या. प्रत्येक ठिकाणी स्थानिक वंश आणि बाहेरचे वंश शेजारी शेजारी होते. स्थानिक राण्यांच्या वसाहती बाहेरच्या वसाहतींपेक्षा सरासरी ८३ दिवस अधिक जगल्या. कोणताही एक वंश सर्व ठिकाणी पहिला आला नाही. ‘सर्वोत्तम मधमाशी’ या शब्दप्रयोगावर याहून नेमके भाष्य क्वचितच सापडेल.

२३/
मात्र एक सावधगिरी बाळगू या. त्याच प्रयोगात अखेरपर्यंत टिकलेल्या वसाहती एकूण संख्येच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी होत्या. स्थानिक म्हणजे अमर नव्हे. व्हरोआ हा युरोपीय माशीला नवा शत्रू. त्याच्याशी झुंजण्याचे शिक्षण जुन्या अनुकूलनात नव्हते. स्वीडनच्या गोटलँड बेटावर १९९९मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात १५० वसाहती औषधाविना सोडून दिल्या. पहिल्या तीन वर्षांत बहुतांश मेल्या. उरलेल्या मूठभर वसाहतींचे वंशज मात्र व्हरोआसह जगू लागले. स्थान शिकवते, पण त्याची फी जबर असते.

२४/
उलट दिशेचा धडा ब्राझीलने दिला. तेथे नेलेल्या युरोपीय माश्या उष्ण कटिबंधात रमत नव्हत्या. आनुवंशिकीतज्ज्ञ वॉरविक केर यांनी १९५६मध्ये आफ्रिकेतून राण्या आणल्या. त्यांचा आणि युरोपीय माशीचा संकर करून, निवडीने शांत आणि उष्ण हवेला सोसणारा वंश घडवावा, असा बेत होता. रिओ क्लारो येथे राण्यांना पेटीत अडवणाऱ्या जाळ्या लावल्या होत्या. १९५७मध्ये भेटीस आलेल्या एका मधपाळाने त्या काढल्या आणि २६ राण्या आपापल्या थव्यांसह निसटल्या.

२५/
पुढचे जग जाणते. या माश्यांचे संकर दरवर्षी शेकडो किलोमीटर सरकत १९९०मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पोहोचले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘मारेकरी माश्या’ म्हटले, आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसे व जनावरे दगावली हेही खरे. पण त्या एवढ्या वेगाने का पसरल्या? कारण उष्ण प्रदेशाचे वेळापत्रक त्यांच्या रक्तात होते, युरोपीय माशीच्या नव्हते. ब्राझीलच्या मधपाळांनी पेट्या वस्तीपासून दूर नेल्या, पोशाख आणि धुराडी बदलली, कमी चिडखोर वसाहती निवडत गेले. याच माश्यांवर तेथील मधव्यवसाय पुन्हा उभा राहिला, आणि व्हरोआला त्या औषधाविना तोंड देतात.

२६/
इतिहासातून काही देशांनी कायदे काढले. डेन्मार्कने लेसो बेटावरील काळ्या माशीला १९९०च्या दशकात कायद्याचे संरक्षण दिले. तेथील मधपाळांनी त्याविरुद्ध दीर्घ न्यायालयीन लढाही दिला, कारण कोणाला कोणती माशी पाळू द्यायची हा शेवटी उपजीविकेचा प्रश्न असतो. स्कॉटलंडमध्ये कोलोन्से आणि ओरोन्से या बेटांवर काळ्या माशीखेरीज अन्य मधमाशी नेण्यास २०१४पासून बंदी आहे. स्लोव्हेनियाने आपल्या कार्निओलन माशीला राष्ट्रीय ठेवा मानले. यान्शाच्या स्मरणार्थ २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्याच देशाच्या प्रयत्नांतून २०१७मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केला.

२७/
आता ही कथा आपल्या दारी कशी येते ते पाहू. दुवा आहे तो व्हरोआचाच. हा माइट मूळचा आशियाचा. त्याचा जुना यजमान म्हणजे आशियाई मधमाशी, जिला आपण सातेरी म्हणतो. सातेरी आणि हा माइट दीर्घ काळ एकत्र नांदत आले आहेत: ती आपल्या आणि सोबतिणींच्या अंगावरचे माइट वेचून काढते, आणि माइटची वाढ तिच्याकडे बहुतांशी नरांच्या कोठड्यांपुरतीच मर्यादित राहते. माणसाने युरोपीय मेलिफेरा माशी आशियात आणली, विसाव्या शतकात माइटने यजमान बदलला, आणि पेट्यांच्या व्यापाराबरोबर तो जगभर गेला.

२८/
भारतात मेलिफेरा यशस्वीपणे रुजली ती १९६२मध्ये, तेव्हा पंजाबात असलेल्या आणि आज हिमाचल प्रदेशात येणाऱ्या नगरोटा येथे. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. सूर्यफूल, मोहरी यांसारख्या सलग पिकांच्या प्रदेशात पेट्या फिरवणाऱ्यांना मेलिफेराने भरघोस मध दिला, हे मान्यच करायला हवे. पुढे १९९०च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती प्रचंड संख्येने मारल्या. कथा ओळखीची वाटते ना? अनेक मधपाळ तेव्हा मेलिफेराकडे वळले. पण सातेरी नामशेष झाली नाही. वाचलेल्या वसाहतींतून ती पुन्हा वाढली.

२९/
महाबळेश्वरच्या पठारावर सातेरीचे मधपालन स्वातंत्र्याच्या सुमारास संघटित रूपात उभे राहिले. राज्याचे मध संचालनालयही तेथेच आहे. जवळचे मांघर २०२२मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. जांभूळ, हिरडा, गेळा आणि कित्येक वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी, हा सह्याद्रीचा पंचांग. आणि त्यामध्ये धो धो पावसाचे उपासमारीचे महिने. सातेरी त्या काळात वाढ आवरते, फारच टंचाई झाली तर पेटी सोडून निघून जाते. मधपाळाला हा दोष वाटतो. सह्याद्रीच्या दृष्टीने ते शहाणपण आहे.

३०/
म्हणून १९१६च्या त्या १६ पेट्यांकडे पुन्हा पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. ब्रदर ॲडम यांनी असामान्य माशी घडवली. आणि ज्या समजुतीवर त्यांनी आरंभ केला, ती पूर्ण खरी नव्हती. माणसाची निवड वेगवान असते आणि तिला ताबडतोब फळ लागते. स्थानाची निवड संथ असते, आणि तिचे फळ संकट येईपर्यंत दिसत नाही. एका वंशाचा विसर पडला, की त्याच्याबरोबर एका खोऱ्याची हजारो वर्षांची दैनंदिनीही हरवते. ती पुन्हा लिहायला माणसाजवळ तेवढा वेळ नाही.

३१/
मेलिफेरा की सातेरी, बकफास्ट की काळी, असा कौल या थ्रेडला द्यायचा नाही. सूर्यफुलाच्या मळ्यात आणि जावळीच्या रानात उत्तर वेगवेगळे येणार. इतिहास एवढेच सुचवतो की कोणी ‘ही जगातील सर्वोत्तम माशी’ म्हणून पुढे आले, तर दर विचारण्याआधी विचारावे: कोणत्या फुलांवर, कोणत्या पावसात, आणि कोणाच्या आकाशात?

थ्रेड येथे संपतो. तुमच्या भागात सातेरीला वेगळे नाव असेल, किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून तिच्याविषयी काही ऐकले असेल, तर खाली अवश्य लिहा. अशा नोंदी कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत.